टो बारने जुनी गाडी ओढून आणताना

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी किंवा अॅम्बॅसिडर पुन्हा चालू करायची ठरली की पहिली अडचण इंजिनाची नसते. गाडी गॅरेजपर्यंत न्यायची कशी, ही असते. फ्लॅटबेड ट्रक मिळाला आणि तो गल्लीत शिरला तर प्रश्नच मिटला. पण वाडीतला रस्ता अरुंद असतो, ट्रक वळत नाही, गॅरेज दहा-बारा किलोमीटरवर असतं आणि ओळखीतल्या कुणाची तरी बोलेरो हाताशी असते. मग टोचन लावायचं ठरतं.

दोरापेक्षा आणि साखळीपेक्षा लोखंडी टो बार, म्हणजे दोन गाड्या जोडणारा ताठ दांडा, केव्हाही चांगला. मात्र मागची गाडी त्यासाठी नीट तयार केलेली हवी. बार सहसा तुटत नाही. फाटतो तो पन्नास वर्षं जुना पत्रा, जाम होतो तो ब्रेक, जळतं ते बेअरिंग. म्हणून इथे बारपेक्षा गाडीबद्दल जास्त लिहिलं आहे. उदाहरण प्रीमियर पद्मिनीचं धरलं आहे: वजन ९०० किलोच्या आसपास, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, ब्रेक ड्रमचे. अॅम्बॅसिडर किंवा जुनी जीप जिथे वेगळी पडते, तिथे तसं सांगितलं आहे.

दोर का नको, बार कोणता हवा

दोर फक्त ओढतो. पुढच्याने ब्रेक मारला की दोर सैल पडतो आणि मागची गाडी पुढे धावून येते. पुढची पुन्हा निघाली की दोर ताणला जाऊन झटका बसतो, आणि तो झटका जुन्या गाडीचा पत्रा सोसतो. बारमुळे दोन गाड्यांतलं अंतर कायम राहतं, त्यामुळे हा खेळच बंद होतो.

बार दोन प्रकारचे. एक सरळ दांडा, दोन्ही टोकांना पिन बसवायची भोकं असलेला. बंद पडलेल्या एसटीला दुसरं वाहन ओढून नेतं, तेव्हा असा दांडा तुम्ही पाहिला असेल. यात मागच्या गाडीचं स्टिअरिंग पूर्णपणे मागच्या चालकाच्या हातात असतं. दुसरा त्रिकोणी बार. त्याचे दोन हात मागच्या गाडीला दोन जागी जोडलेले असतात आणि पुढे ते एकत्र येऊन कपलरने, म्हणजे टोपीसारख्या जोडाने, ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, बॉलवर, बसतात. या प्रकारात गाडीचं नाक इकडे तिकडे भरकटत नाही, पुढची चाकं कॅस्टरमुळे, म्हणजे त्यांच्या वळण्याच्या अक्षाच्या तिरकेपणामुळे, आपोआप वळतात. जुन्या कारसाठी माझी पसंती त्रिकोणी बारलाच आहे. सरळ दांड्यात सगळा भार एकाच जागी येतो, आणि जुन्या कारला पुढच्या बाजूला एकच भरवशाची जागा मिळणं कठीण.

बार भंगारातल्या अँगलपासून गल्लीतल्या वेल्डरकडून घाईत बनवून घेऊ नका. साधा हिशेब करा. पुढच्या गाडीने जोरात ब्रेक दाबला, समजा ०.६ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट) इतका, तर ९०० किलोची पद्मिनी सुमारे ५४० किलोच्या जोराने बारला ढकलते. म्हणजे बारला ओढण्याइतकंच दाबणंही झेपायला हवं, आणि दाबाखाली कमकुवत अँगल मधोमध वाकतो. तयार बारवर किती वजनासाठी आहे ते कोरलेलं असतं. तो आकडा गाडीच्या वजनापेक्षा भरपूर वर असू द्या.

बॉलच्या मापातही गफलत होते. आपल्याकडे ५० मिलिमीटरचा बॉल मिळतो, अमेरिकी पद्धतीचा दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असतो. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर ढिला बसतो आणि खड्ड्यात उसळी मारून सुटू शकतो. उलट केलं तर कपलर पूर्ण खाली बसतच नाही आणि लॉक लागल्याचा नुसता भास होतो. दोन्हींवरचे आकडे वाचून मगच जोडा.

नियम आधी

१९८९ च्या रस्ते नियमावलीत याबद्दल स्पष्ट लिहिलं होतं. बंद पडलेलं किंवा अर्धवट जुळणी झालेलंच वाहन ओढायचं, तेही पोचवण्यासाठी किंवा जवळच्या गॅरेजपर्यंत. मागच्या गाडीच्या चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर तिची वळणारी चाकं क्रेनने किंवा तशा साधनाने रस्त्यापासून उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको. मागे पांढऱ्यावर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत ‘ऑन टो’ हे इंग्रजी शब्द हवेत. वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. पुढे २०१७ मध्ये नवी वाहनचालन नियमावली आली. पण जुन्या गाडीसाठी या जुन्या अटी मला आजही शहाणपणाच्या वाटतात. त्रिकोणी बार स्वतः वळतो म्हणून मागची गाडी रिकामी सोडायची, असं परदेशी व्हिडिओ पाहून करू नका. तिथे मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे रिकामी गाडी जाते, पण त्यामागे ब्रेकची वेगळी व्यवस्था असते.

दोन्ही गाड्यांची कागदपत्रं जवळ ठेवा. ओढणाऱ्या गाडीच्या विमा पॉलिसीतलं टोइंगचं कलम निघण्याआधी वाचा. मागच्या गाडीचं नुकसान त्यात धरलेलं असेलच असं नाही. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ पासून तिची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी करता येते. मालकी नव्याने घेतली असेल तर ओढून आणण्याआधी निदान हस्तांतराचे कागद सहीशिक्क्यानिशी पूर्ण करा. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं तर बिनकागदाची, बंद, धुळीने माखलेली गाडी चोरीचीच वाटते.

टो बार कधी लावायचाच नाही

घाट असेल तर नको. खंबाटकी, कशेडी, वरंध, आंबोली, कुठलाही. उतारावर जुनी गाडी पुढच्याला सतत ढकलत राहते आणि दोघांचे ब्रेक तापतात. द्रुतगती मार्गावर नको, कारण ताशी वीसच्या वेगाने जाणारी जोडी तिथे मागून येणाऱ्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. रात्री नको, मुसळधार पावसात नको. अंतर २५-३० किलोमीटरच्या पुढे गेलं तर सरळ फ्लॅटबेड बोलवा. पैसे जास्त जातात, पण गिअरबॉक्स वाचतो.

ओढणारी गाडी मागच्यापेक्षा चांगलीच जड हवी. बोलेरो, स्कॉर्पिओ यांसारखी दीड टनाच्या पुढची, चेसिसवाली गाडी पद्मिनीला बरी. हॅचबॅकने पद्मिनी ओढायला जाऊ नका, अॅम्बॅसिडर तर नाहीच. हुक आणि बॉलचा ब्रॅकेट चेसिसला बोल्टने जोडलेला हवा, नुसता मागच्या बंपरला नव्हे.

गाडीखाली आधी बघायचं ते

पद्मिनी आणि अॅम्बॅसिडर दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नाही, बॉडीच भार घेते. त्यामुळे बार कुठे जोडायचा हा सगळ्यात नाजूक प्रश्न. जीपचं तसं नाही. तिची शिडीसारखी चेसिस पुढे उघडीच असते, जोडणं सोपं जातं.

बंपरला बार जोडायचा नाही. तो क्रोमचा पातळ पत्रा आहे. टाय रॉडला, स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला, स्टॅबिलायझर बारला नाही. सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला दोर बांधायची सवय अनेक मेकॅनिकना आहे. बारच्या बाबतीत तीही नको, कारण ढकलण्याचा जोर त्या आर्मच्या बुशवर येतो. जागा शोधायची ती पुढचं सस्पेन्शन ज्या क्रॉस मेंबरवर (आडव्या बीमवर) बसलं आहे तिथे आणि त्याला धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लांबट बीमवर.

आता हे बीम शिल्लक आहेत का, ते बघा. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचला, हातात जाड स्क्रू ड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या, आणि दोन्ही बीम पुढून मागे इंच-इंच ठोकत जा. चांगला पत्रा टणक आवाज देतो. सडलेला बद्द वाजतो. बद्द आवाज आला तिथे स्क्रू ड्रायव्हर जोरात टोचा. किनारपट्टीवर राहिलेल्या गाड्यांत, मालवण, रत्नागिरी, अलिबागकडच्या, खाऱ्या हवेने बीमच्या आतून गंज चढलेला असतो आणि बाहेर काळ्या अंडरकोटिंगखाली सगळं गुळगुळीत दिसतं. अशाच एका पद्मिनीखाली मी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर पडला तो तपकिरी भुगा, त्यामागून लांबीचा (पुट्टीचा) गुलाबी थर. वरून बघणाऱ्याला ती गाडी नुकती रंगवलेली, झकास दिसत होती. बीम असा निघाला तर बार लावायचा विचार तिथेच सोडा. आधी डेंटरकडून पत्राकाम, किंवा सरळ ट्रकवर.

बीम चांगला असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी जाड प्लेट लावून आरपार बोल्ट घाला. नुसता पत्र्यात बोल्ट कसला तर भोक मोठं होत जातं. प्लेटमुळे भार पसरतो. बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा ८.८ किंवा त्याच्या वरचा आकडा हवा. आकडा नसलेला बोल्ट वापरू नका, आणि नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) घ्या.

चाकं, ब्रेक, टायर

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीच्या ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटतात. जबरदस्तीने ओढली की चाक घासत जातं, टायर एका जागी सपाट होतो, कधी लायनरच उचकटून आत अडकतो. एकेक चाक उचलून हाताने फिरवा. फिरत नसेल तर अॅडजस्टर सैल करा, ड्रमला बाहेरून लाकडी हातोडीने ठोका, तरीही नसेल तर ड्रम काढा. मग पेडल दाबून सोडा आणि चाक पुन्हा मोकळं होतंय का बघा. दाबल्यावर अडकून बसलं तर व्हील सिलिंडर जाम आहे. तो बदलल्याशिवाय निघायचं नाही. जुना ब्रेक ऑइल ओलावा शोषून बसलेला असतो, तोही बदला.

साध्या पद्मिनीच्या ब्रेकला बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या मदतीने पेडल हलकं करणारा भाग, नसतो. त्यामुळे इंजिन बंद असतानाही तिचा ब्रेक नेहमीसारखाच लागतो. मागच्या चालकाला ही मोठीच सोय आहे. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद असलं की पेडल दगडासारखं कडक होतं, तिथे मागच्याला आधीच सांगून ठेवा की दोन्ही पायांचा जोर लागेल.

चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन). बेअरिंग उघडून जुनं, साबणासारखं घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं भरा, किंगपिनच्या निपलला ग्रीस गन लावा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भेगा असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, तो टायर चालणार नाही. पुष्कळदा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे ओळखीच्या गॅरेजमधून चालू गाडीची चार चाकं दोन तासांसाठी मागून आणणं. स्टेपनी मात्र बरोबर हवीच.

गिअरबॉक्स, याकडे सगळेच दुर्लक्ष करतात

‘न्यूट्रलला टाक आणि चल’ हा सल्ला सर्रास मिळतो. गाडीचा जोर मागच्या चाकांना असेल तर तो अर्धाच बरोबर आहे. मागची चाकं फिरली की त्यांच्यामधलं डिफरन्शियल, तिथून गिअरबॉक्सपर्यंत जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा वरचा मेन शाफ्ट फिरतात. पण गिअरबॉक्समध्ये तेल उडवण्याचं काम खालचा लेशाफ्ट करतो, आणि तो इंजिनाच्या जोरावर फिरतो. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, म्हणजे लेशाफ्ट थांबलेला. वरचा शाफ्ट कोरडाच फिरत राहतो आणि त्याचे बुश, बेअरिंग तापतात. एक-दोन किलोमीटर हळू नेलं तर चालून जातं. दहा किलोमीटर न्यायचं असेल तर प्रॉपेलर शाफ्ट सोडा.

आधी चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हे चुकवायचं नाही, कारण शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये टाकूनही उभी राहणार नाही. जुन्या जीपमध्ये तर हँडब्रेकचा ड्रमच ट्रान्सफर केसच्या मागे असतो. तिथे मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला. ठोकळे पक्के झाल्यावर डिफरन्शियलकडच्या दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ मारा, म्हणजे परत जोडताना तोल तसाच राहील. बोल्ट काढा आणि नटांसकट एका पिशवीत घालून पिशवी स्टिअरिंगला बांधा. शाफ्ट शक्यतो पूर्ण काढा. काढता येत नसेल तर मोकळं टोक जाड तारेने वर बॉडीला दोन जागी बांधा. लोंबता शाफ्ट रस्त्यात रुतला तर गाडी उचलून फेकेल. शाफ्ट गिअरबॉक्सच्या शेपटीतून सरकून निघणारा असेल तर त्या तोंडातून तेल गळतं, तिथे प्लास्टिकची जाड पिशवी दुमडून रबराने घट्ट आवळा.

इग्निशनबद्दलही एक गोष्ट. स्टिअरिंग लॉक असलेल्या गाडीत किल्ली फिरवून लॉक मोकळं ठेवावं लागतं. पण पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेल्या) गाडीत इंजिन बंद असताना इग्निशन चालू राहिलं आणि पॉइंट मिटलेले असले तर कॉइलमधून सतत करंट जाऊन ती जळते. कॉइलची वायर काढून ठेवा. बॅटरी सुटी केली तर आणखी उत्तम.

जोडणी

दोन्ही गाड्या सपाट जागी एका रेषेत उभ्या करा. बार जमिनीला जवळजवळ समांतर हवा. बॉलची बाजू तीन-चार इंच वर असली तरी चालेल, त्याहून जास्त नको. बोलेरोचा बॉल पद्मिनीच्या बीमपेक्षा बराच वर येतो, तेव्हा खाली उतरवलेला ब्रॅकेट लागतो. बार तिरका राहिला तर ब्रेक मारताना मागच्या गाडीचा धक्का पुढच्या गाडीची शेपटी वर उचलतो, आणि नेमकं तेव्हाच तिच्या मागच्या चाकांची पकड जाते.

कपलर बसवून लॉक लावा, लॉकमध्ये पिन घाला, मग जॅकने कपलर वर उचलून बघा. बॉलसकट पुढच्या गाडीचा मागचा भाग उचलला गेला तर कपलर बसला आहे. त्यानंतर दोन सेफ्टी चेन, कपलरच्या खाली एकमेकींवरून फुलीसारख्या. कपलर सुटलाच तर तो या फुलीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही. प्रत्येक चेन एकटीने गाडीचा भार घेण्याइतकी हवी. वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल आणि स्पीड ब्रेकरवर घासणार नाही इतकी आखूड ठेवा. शॅकलवर, म्हणजे चेन अडकवायच्या कडीवर, सुरक्षित भाराचा आकडा छापलेला असतो, नसेल तो घेऊ नका.

मागचे दिवे जुन्या गाडीच्या वायरिंगमधून चालवायच्या फंदात पडू नका. ती वायर कुठे उघडी पडली असेल सांगता येत नाही. एका फळीवर टेल लॅम्प, ब्रेक लाइट आणि इंडिकेटर बसवून ती मागच्या बंपरला बांधा, वायर गाडीच्या बाजूने क्लिपांनी पुढे न्या. ‘ऑन टो’ची पाटी त्याच फळीवर. बॉनेटवरून एक पट्टा घट्ट आवळा, जुन्या खिट्टीवर विसंबू नका. बारचे हात बंपरच्या जवळून जात असतील तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की क्रोम वाचतं.

रस्त्यावर

निघण्याआधी दोन्ही चालकांनी खुणा ठरवायच्या. आमच्यात लांब हॉर्न म्हणजे थांब, दोन छोटे म्हणजे हळू. फोन स्पीकरवर सतत चालू असला तर उत्तम, पण रेंज गेली तर हॉर्नच कामाला येतो. मागच्याने काचा खाली ठेवायच्या, नाक उघडं ठेवायचं. जळका वास त्यालाच आधी येतो.

मागच्या चालकाने स्टिअरिंग घट्ट धरायचं नाही. त्रिकोणी बारात चाकं स्वतः वळतात. हात हलके ठेवायचे, फक्त चाकं उलटी वळू लागली तर सावरायचं. पुढच्याचा ब्रेक लाइट लागला की आपणही हलका ब्रेक द्यायचा. जोरात नाही, नाहीतर बारला झटका बसतो.

पुढच्याने पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडत निघायचं. शंभर मीटर गेल्यावर थांबून सगळ्या पिना, नट बघायचे. मग एक किलोमीटरवर पुन्हा थांबून हाताची मागची बाजू चारही ड्रमजवळ न्यायची. चारही सारखेच कोमट असावेत. एक जास्त तापला असेल तर तो ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग चाललं आहे. तिथेच थांबून सोडवा. नंतर दर अर्ध्या तासाने हेच करायचं.

वेग वीसच्या आसपास, चोवीसच्या वर कधीच नाही. वळणं मोठी घ्यायची. स्पीड ब्रेकरवर चालण्याच्या वेगाने, आणि मागची गाडी पूर्ण पलीकडे येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. छोटा उतार लागला तर वरूनच खालचा गिअर टाका. मागची गाडी डोलायला लागली तर ब्रेक मारू नका, अॅक्सिलरेटर सोडा, डोलणं थांबू द्या.

रिव्हर्स घ्यायचा नाही. एक फूटसुद्धा नाही. मागे ढकलताना पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळतात आणि बारचा हात किंवा टाय रॉड वाकतो. अडकलात तर बार सोडा, गाडी माणसांनी ढकला, पुन्हा जोडा. म्हणूनच गॅरेजच्या दारातून कसं आत शिरायचं हे आदल्या दिवशी जाऊन बघून ठेवा.

पोचल्यावर

आधी ठोकळे, मग हँडब्रेक, मग कपलरची पिन, आणि चेन सगळ्यात शेवटी. पिन निघत नसेल तर हातोडी मारू नका, बारवर ताण आहे. पुढची गाडी बोटभर पुढे घेऊन तो सोडवा. शाफ्ट जोडताना पांढरी रेघ जुळवा, बोल्ट एकदम न कसता समोरासमोरचे थोडे थोडे कसत जा. गिअरबॉक्सच्या तोंडातून गळलेलं तेल भरायचं राहिलं असेल तर इंजिन चालू करण्याआधी ते भरा. ज्या बीमला बार जोडला होता त्याची भोकं गोलच आहेत ना, की एका बाजूला लांबट झाली आहेत, हे प्लेट काढून बघा. लांबट झाली असतील तर तो बीम भार सोडत होता. ते डेंटरला त्याच दिवशी दाखवून ठेवा.